शिरा मोकळ्या झाल्या, पण आजार?

आजची गोष्ट इटलीतली, पण सुरुवात लोणावळ्यापासून करू. 1924 मध्ये स्वामी कुवलयानंदांनी इथे कैवल्यधाम उभारलं. योगाने शरीरात काय घडतं हे नुसतं सांगायचं नाही, क्ष-किरणांनी, दाब मोजून तपासायचं, हा त्यांचा आग्रह. तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंच्या आवरणावर उलटते. चालणं, दिसणं, बोलणं बिघडत जातं. आजार मुळापासून घालवणारं औषध आजही नाही. फेरारा विद्यापीठातले सर्जन पाओलो झांबोनी यांच्या पत्नीलाच तो झाला. झांबोनींनी मांडलं, की मेंदूतून रक्त परत आणणाऱ्या मानेतल्या शिरा अरुंद असतात, रक्त तुंबतं, त्यातून आजार वाढतो. मग शिरेत फुगा फुगवून ती रुंद करायची. 2009 मध्ये 65 रुग्णांवरचा अभ्यास छापून आला. पण तुलनेला दुसरा गटच नव्हता, आणि आपल्यावर उपचार झालाय हे प्रत्येक रुग्णाला ठाऊक होतं.

त्याच नोव्हेंबरात कॅनडाच्या टीव्हीवर ही बातमी झळकली आणि आशेला पूर आला. कॅनडात हा उपचार मिळेना, म्हणून लोक पदरचे पैसे मोडून पोलंड, मेक्सिको, कोस्टा रिका आणि आपल्या भारतातही आले. त्यांना नावं ठेवू नका. हातपाय रोज थोडे थोडे जाताना पुराव्याची वाट कोण बघणार?

पण धोका खरा होता. अमेरिकेत एका रुग्णाच्या शिरेतला स्टेंट सरकून थेट हृदयात गेला. 2012 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने इशारा दिला: मृत्यू, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या.

2013 मध्ये कॅनडातल्या संशोधकांना दिसलं, की अशा अरुंद शिरा निरोगी माणसांतही तितक्याच आढळतात. मग खरी कसोटी झाली. काहींच्या शिरेत फुगा फुगवला, काहींना नुसती नळी घातली. कोणाला काय, हे रुग्णाला सांगितलं नाही. 2017 मध्ये कॅनडातल्या 104 आणि इटलीतल्या 130 रुग्णांचे निकाल आले. फुग्याचा फायदा दिसला नाही.

इटलीतल्या चाचणीचे प्रमुख कोण होते? स्वतः झांबोनी. एमएससाठी हा उपचार सुचवता येत नाही, असं त्यांच्याच अहवालाने लिहिलं. याला धैर्य लागतं. पण ही मोजणी आधी झाली असती, तर कितीतरी घरांचे पैसे वाचले असते, आणि काही जीवही.

भेटू पुढच्या भागात.