लक्षाचा बाजार

माणसाचे लक्ष विकता येते, हा शोध मोबाइलच्या काळातला नाही. १८३३ साली न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन डे या मुद्रकाने ‘सन’ नावाचे दैनिक काढले. मोठी पत्रे सहा सेंटला मिळत. याने किंमत ठेवली एक सेंट. तूट जाहिरातींनी भरून काढली. म्हणजे वाचकाला बातमी विकायची आणि जाहिरातदाराला वाचक! १८३५ मध्ये याच पत्राने चंद्रावर वटवाघळासारखे पंख असलेली माणसे दिसल्याची लेखमाला छापली, तीही जॉन हर्शेल या नामवंत खगोलशास्त्रज्ञाच्या नावावर. सगळे खोटे, पण लोकांनी चवीने वाचले.

१९७१ मध्ये हर्बर्ट सायमन या अमेरिकन विद्वानाने बजावले होते, की माहितीची सुबत्ता आली की लक्षाचा दुष्काळ पडतो. २००९ मध्ये फेसबुकवर ‘लाइक’चे बटण आले आणि त्या लक्षाची मोजदाद घरोघरी सुरू झाली. ट्विटरवर खोटी बातमी खरीपेक्षा वेगाने धावते, असे २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील अभ्यासाने दाखवले.

त्याच वर्षी १ जुलैला, बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात पाच माणसांना जमावाने ठार मारले. ती मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती. त्यावर तेव्हा जाहिराती नव्हत्या. पण पाहा, दचका, पुढे ढकला, ही सवय तोवर बोटांत मुरली होती. मारहाण झाली ती ग्रामपंचायतीच्या खोलीत. जिथे गावाने बसून चार गोष्टी ऐकायच्या, नेमक्या त्याच जागी! त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली.

मी मुशायऱ्यांत वाढलेला माणूस. तिथे श्रोता ‘मुकर्रर’ म्हणतो, तेव्हा शायर थांबतो आणि तोच शेर पुन्हा म्हणतो. पुन्हा ऐकण्याची ही मागणी म्हणजे समोरच्याचा मान. लोकशाहीलाही मतपेटीइतकीच तिची गरज आहे. ‘बाबा, तू कुठला? इथे कशासाठी आलास?’ एवढे विचारायला आणि उत्तर ऐकून घ्यायला फार वेळ लागत नाही. राईनपाड्यात त्या पाच जणांना तेवढाही वेळ मिळाला नाही.