एका पेनीचा कारभार



सरकारने शास्त्रीय संशोधनाला पैसा पुरवावा, याबद्दल आता कोणाचे दुमत उरलेले नाही. वाद आहे तो त्यापुढच्या प्रश्नावर. हा पैसा कोणत्या विषयाला, कोणाच्या हाती आणि किती काळ द्यायचा, हे ठरवायचे कोणी? पैसा लोकांचा, तेव्हा लोकांच्या प्रतिनिधींनी ठरवावे, असे एक पक्ष म्हणतो. विषय शास्त्राचा, तेव्हा शास्त्रज्ञांनी ठरवावे, असे दुसरा म्हणतो. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच केवळ तर्काने हा वाद मिटत नाही. एका जुन्या संस्थेचा शंभर वर्षांचा अनुभव त्यासाठी तपासून पाहू. ही संस्था म्हणजे इंग्लंडचे मेडिकल रिसर्च कौन्सिल.

१९११ साली लॉइड जॉर्ज यांनी राष्ट्रीय विम्याचा कायदा पार्लमेंटात मंजूर करून घेतला. कामगारांच्या आजारपणाची तरतूद हा त्याचा मुख्य हेतू. त्या काळी कामगारवस्तीत क्षयाने थैमान घातले होते. म्हणून क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांची सोयही कायद्यात केली होती. त्याच कलमांत एक बारीकशी तरतूद होती : दर विमेदारामागे दरसाल एक पेनी संशोधनासाठी बाजूला काढावी. त्या वेळच्या भावाने पेनी म्हणजे आपला एक आणा. पण थेंबे थेंबे तळे साचते. या पेन्यांचे वर्षाला सुमारे ५७,००० पौंड, म्हणजे साडेआठ लाख रुपये झाले. त्यांच्या विनियोगासाठी १९१३ मध्ये एक समिती नेमण्यात आली आणि पुढील वर्षी वॉल्टर फ्लेचर हे केंब्रिजचे शरीरशास्त्रज्ञ तिचे चिटणीस झाले. १९३३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्या जागेवर होते.

समितीपुढचा पहिलाच प्रश्न अवघड होता. पैसा क्षयाच्या नावाने उभा राहिलेला. मग तो क्षयावरच खर्चावा काय? सरळ हिशेबाने उत्तर ‘होय’ असेच येते. समितीने मात्र ठरविले की, संशोधनाचे क्षेत्र एका रोगापुरते बांधून टाकायचे नाही. क्षयाचे कोडे क्षयाच्याच दालनात सुटेल, असे आधी कोण सांगणार? म्हणून शरीरक्रिया, जंतुशास्त्र, आहार यांच्याबरोबर संख्याशास्त्राचाही एक विभाग तिने काढला. रोग्यांच्या पैशातून आकडेमोड करणारी माणसे पोसणे, हे एखाद्याला त्या दिवशी चैनीचे वाटले असते. या निर्णयाचे फळ काय मिळाले, ते पुढे पाहूच.

महायुद्ध संपत आले तेव्हा राज्यकारभाराची फेररचना सुचविण्यासाठी लॉर्ड हॉल्डेन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसली. तिचा अहवाल १९१८ मध्ये बाहेर पडला. या अहवालाने संशोधनाचे दोन भाग पाडले. खात्याला रोजच्या कामासाठी जे संशोधन लागते, ते खात्याने स्वतः करवून घ्यावे. पण ज्याचा उपयोग सर्वांना आहे, ते कारभाराच्या ओझ्यापासून मोकळ्या असलेल्या मंत्र्याकडे असावे. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आरोग्यमंत्र्यावर रोजचा दबाव असतो. आज साथ, उद्या निवडणूक. शिवाय त्याच्याच खात्याची एखादी योजना निरुपयोगी आहे, असे संशोधनात निघाले तर? तो निष्कर्ष त्याच्याच कचेरीतून मोकळेपणाने बाहेर येईल, असा विश्वास लोकांना कसा वाटावा?

१९१९ मध्ये नवे आरोग्य खाते निघाले, तेव्हा हा प्रश्न प्रत्यक्षातच उभा राहिला. ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ या न्यायाने संशोधन समितीही त्याच खात्यात जायची. परंतु ज्यांच्याकडे हे खाते आले, त्या ॲडिसन यांनीच समितीला खात्याबाहेर ठेवण्याचा पुरस्कार केला. हातात येणारी सत्ता मंत्र्याने आपण होऊन दूर ठेवावी, असे प्रसंग इतिहासात थोडे. १९२० मध्ये राजाच्या सनदेने समितीचे कौन्सिल झाले आणि ते प्रिव्ही कौन्सिलच्या छायेखाली गेले. रक्कम पार्लमेंटने मंजूर करायची, हिशेब पार्लमेंटला द्यायचा, पण कोणाला किती ते कौन्सिलच्या जाणत्या सभासदांनी ठरवायचे, अशी ती वाटणी होती. पुढे याला ‘हॉल्डेन तत्त्व’ असे नाव पडले. हे शब्द मूळ अहवालात मात्र नाहीत. ते बऱ्याच उशिराने राजकारणात रूढ झाले, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आता त्या आकडेमोडीच्या विभागाकडे वळू. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल नावाचा एक तरुण पहिल्या महायुद्धात क्षयाने आजारी पडला. वैद्यक शिकण्याची उमेद सोडावी लागली, म्हणून त्याने अर्थशास्त्राची पदवी घेतली. तो डॉक्टर नव्हता. तरी ग्रामीण भागातील तरुणांच्या मृत्यूंचा शोध घेण्यासाठी कौन्सिलने त्याला अनुदान दिले. १९४३ मध्ये अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन सापडले. म्हणजे क्षयावरचे पहिले खरे औषध त्या पेनीतून निघाले नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण औषध गुणकारी आहे हे सिद्ध कसे करायचे? आरोग्यधामातील विश्रांतीनेही काही रोगी बरे होतच असत. युद्धाने पोळलेल्या इंग्लंडजवळ डॉलर थोडे, म्हणून औषधही थोडे. सर्वांना पुरणे शक्यच नव्हते. तेव्हा हिल यांनी रोग्यांची वाटणी वैद्यांच्या मर्जीवर न सोपविता यदृच्छेने करविली. ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ दगावले, दुसऱ्यात १४. १९४८ मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध झाला आणि औषध पारखण्याची एक नवी रीत जगाला मिळाली. याच प्रयोगात हेही दिसले की, नुसत्या या एका औषधाला जंतू दाद देईनासे होतात. म्हणून औषधे जोडीने देण्याचे प्रयोग लागलीच सुरू झाले.

ही पेनी पुढे हिंदुस्थानातही येऊन पोहोचली. आपल्याकडे त्या काळी क्षय म्हणजे राजयक्ष्मा. घरात त्याचे नाव मोठ्याने घेत नसत. मिरजेसारख्या ठिकाणच्या आरोग्यधामात जागा मिळाली तर नशीब. १९५६ मध्ये मद्रासला आपले वैद्यकीय संशोधन मंडळ, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी मिळून एक केंद्र काढले. वॉलेस फॉक्स यांच्या देखरेखीखाली काही गरीब रोग्यांना आरोग्यधामात आणि काहींना त्यांच्या कोंदट घरातच तीच औषधे वर्षभर दिली. आरोग्यधामात अन्न चांगले, हवा चांगली. तरीही १९५९ मध्ये निष्कर्ष निघाला की, घरच्या रोग्यांना जवळजवळ तितकाच गुण येतो आणि घरच्या माणसांना अधिक बाधा होत नाही. ज्या देशात खाटा थोड्या आणि रोगी लाखो, त्या देशाला याहून मोलाची वार्ता कोणती?

कोणी म्हणेल, ही शास्त्रज्ञांच्या बाजूची वकिली झाली. दुसरी बाजूही ऐकू. १९७१ मध्ये लॉर्ड रॉथशिल्ड यांनी अहवाल दिला की, उपयोजित संशोधनात सरकार हे गिऱ्हाईक आहे. काय हवे ते गिऱ्हाइकाने सांगावे आणि शास्त्रज्ञाने ते करून द्यावे. लोकांनी पैसे द्यावेत आणि प्रश्न विचारू नयेत, हे लोकशाहीत कसे चालेल, हा त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. त्याप्रमाणे कौन्सिलच्या पैशाचा एक हिस्सा आरोग्य खात्याकडे गेला. पण काय मागायचे हे कळण्यासाठीही शास्त्र जाणणारी माणसे लागतात. खात्याला तो व्याप पेलेना. १९८१ मध्ये तो पैसा कौन्सिलकडे परत आला. पुढे २०१७ च्या कायद्याने हॉल्डेन तत्त्वाला इंग्लंडमध्ये कायद्याच्या शब्दांत स्थान मिळाले, आणि २०१८ पासून हे कौन्सिल एका मोठ्या संयुक्त संस्थेचा घटक झाले.

आपल्या देशानेही २०२३ मध्ये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला आहे. पंतप्रधान त्याच्या नियामक मंडळाचे पदसिद्ध अध्यक्ष आहेत. पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपयांचा अंदाज सांगितला गेला आणि त्यातला मोठा भाग सरकारबाहेरून यावा अशी अपेक्षा धरली गेली. अध्यक्षपद एवढे उंच असण्याने संस्थेला वजन येते, आणि दबावाची वाटही तेथूनच येऊ शकते. यातले काय घडेल, ते कायद्याच्या अक्षरांपेक्षा वहिवाटीवर अवलंबून राहील.

त्या एका पेनीचा इतिहास मला इतकेच सांगतो. राष्ट्राची गरज कोणती आणि एकूण रक्कम किती, हे लोकप्रतिनिधींनी ठरवावे. कोणाचा अर्ज मंजूर करायचा, ते त्या विषयातल्या जाणत्यांनी ठरवावे. मंजूर झालेला पैसा वेळेवर आणि पुरेशा मुदतीसाठी मिळावा. शेवटी हिशेब उघडा असावा, आणि त्यात अपयशही लिहिलेले असावे. यातला शेवटचा भाग शास्त्रज्ञांचा नाही, मंत्र्यांचाही नाही. तो तुमचा-आमचा आहे. हिशेब मागणारा जागा असेल, तरच पेनी कारणी लागते.