आजीची हाक

पश्चिम आफ्रिकेत, आजच्या नायजेरिया देशात, ओशोगुन नावाचे योरुबा लोकांचे एक गाव होते. १८२१ साली त्याच्यावर गुलाम पकडणाऱ्यांची धाड आली. बारा-तेरा वर्षांचा अजायी आई-बहिणींसह पकडला गेला. पुढे मायलेकरांची ताटातूट झाली. एकदा तर एका घोड्याच्या बदल्यात या पोराचा सौदा झाला! असा हातोहात विकला जात तो लागोसला पोर्तुगीजांच्या गलबतावर चढला. १८२२ च्या एप्रिलात इंग्रजी आरमाराने ते गलबत अडवले. हाच व्यापार पूर्वी मनसोक्त करणाऱ्या इंग्रजांनी १८०७ साली तो बेकायदा ठरवला होता. इतिहासाच्या अशाही तऱ्हा असतात!

सुटका झालेल्यांना सिएरा लिओनमध्ये उतरवीत. तेथे ओयो, एग्बा, इजेशा अशा नाना राज्यांतली माणसे एकत्र आली. मायदेशी त्यांची राज्ये एकमेकांशी लढत. येथे मात्र एकमेकांची बोली कळते, हाच काय तो आधार! त्यांची अभिवादने 'ए कू' अशी सुरू होत, म्हणून इतर लोक त्या साऱ्यांना 'आकू' म्हणू लागले.

अजायी शिकला, ख्रिस्ती झाला, सॅम्युएल क्राउथर म्हणून ओळखला जाऊ लागला. पण आईची भाषा त्याने टाकली नाही. १८४३ साली त्याचा योरुबा शब्दसंग्रह छापून निघाला. काम सोपे नव्हते. या भाषेत 'ऑकॉ' हा एकच उच्चार सुराच्या चढउताराप्रमाणे नवरा, कुदळ, होडी किंवा भाला होतो!

१८४६ च्या ऑगस्टमध्ये, पंचवीस वर्षांनी, आबेओकुटा शहरी आई त्याला भेटली. दोघे एकमेकांकडे नुसते पाहत राहिले. मग थरथरत्या हाताने त्याचा हात धरून आईने त्याला जुन्या लाडक्या नावांनी हाक मारली. ही नावे त्याच्या आजीच्या तोंडची. आजी तोवर गुलामगिरीतच मरण पावली होती.

१८६४ साली क्राउथर अँग्लिकन पंथाचा पहिला आफ्रिकी बिशप झाला. उतारवयात तरुण गोऱ्या मिशनऱ्यांनी त्याचा अधिकार हिरावला; १८९१ साली तो वारला. 'योरुबा' हे पूर्वी मुख्यतः ओयोच्या लोकांचे नाव. ग्रंथांतून, शाळांतून ते हळूहळू सर्वांचे झाले. आज कोट्यवधी लोक ते आपले म्हणून सांगतात.

आजीची ती हाक मात्र ग्रंथात जपलेली नव्हती. ती आईच्या जिभेवर होती.