घरबसल्या जपान: ऑनलाइन फेस्टिव्हलमध्ये नेमकं काय असतं?

अटल सेतूवरून कधी उरणच्या बाजूला गेला असाल, तर जपानशी तुमची एक ओळख आधीच झालीय. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेल्या या २१.८ किलोमीटरच्या पुलासाठी जपानच्या 'जायका' या संस्थेने कर्ज दिलंय. पण जपानी सिनेमा बघायचा असेल किंवा भाषेचा क्लास लावायचा असेल, तर मुरुड-श्रीवर्धनच्या मुलांना अजूनही मुंबई नाहीतर पुणं गाठावं लागतं. त्यात पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद. म्हणून ऑनलाइन फेस्टिव्हलचा फायदा शहरातल्यांपेक्षा इथल्यांना जास्त आहे.

म्हणजे नेमकं काय?

सगळ्यात सोपं उदाहरण जपानी सिनेमांचं. जपान सरकारशी संलग्न 'जपान फाउंडेशन'ने १४ ते २७ फेब्रुवारी २०२२ या काळात ऑनलाइन चित्रपट महोत्सव भरवला. भारतातूनही तो मोफत बघता येत होता. २० सिनेमे होते आणि त्यात अकिरा कुरोसावांचा १९५० चा 'राशोमोन'ही होता. ईमेल टाकून नोंदणी करायची आणि मोबाईलवर बघायचं, एवढंच. मराठी सबटायटल्सची मात्र अपेक्षा ठेवू नका, इंग्रजीवर भागवावं लागतं.

कार्यक्रम लाइव्ह असेल तर घड्याळ सांभाळा. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथले संध्याकाळचे ७ म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेतीन. हा हिशोब चुकला की कार्यक्रम संपल्यावर लॉगिन होतं.

स्क्रीनबाहेरचा सण

घरी करून बघायला सगळ्यात सोपा जपानी सण म्हणजे 'तानाबाता'. तो बऱ्याच ठिकाणी ७ जुलैला असतो. रंगीत कागदाच्या पट्ट्यांवर इच्छा लिहायची आणि त्या बांबूच्या फांदीला बांधायच्या. बांबू आपल्याकडे परसात मिळतो, विकत काहीच आणायला नको.

त्यामागची गोष्ट दोन ताऱ्यांची आहे. ओरिहिमे कापड विणणारी, हिकोबोशी गुरं राखणारा. मध्ये आकाशगंगा आडवी आल्याने दोघं वर्षातून एकदाच भेटतात, आणि पाऊस पडला तर भेट हुकते असं मानतात. हे दोन तारे आपल्याही ओळखीचे आहेत: ओरिहिमे म्हणजे आपला अभिजित आणि हिकोबोशी म्हणजे श्रवण. आता ७ जुलैला कोकणात आकाश दिसणं कठीणच. जपानमध्येही साधारण तेव्हा पावसाळाच असतो. सेंदाई शहरात मात्र हा उत्सव ६ ते ८ ऑगस्टला होतो. आपण सरळ ऑक्टोबरची वाट बघावी. पाऊस गेल्यावर रात्री आठच्या सुमारास किनाऱ्यावर उभं राहिलं, तर दोन्ही तारे छान दिसतात.

आणि खायला?

ओनिगिरी. म्हणजे हाताने दाबून वळलेला भाताचा गोळा, बहुतेकदा त्रिकोणी, आत खारट सारण आणि बाहेर समुद्री शेवाळाचा वाळवलेला पातळ कागद, म्हणजे 'नोरी'. कोलमचा भात मोकळा होतो, गोळा फुटतो. चिकट शिजणारा इंद्रायणी घ्या आणि भात गरम असतानाच ओल्या, मीठ लावलेल्या हातांनी वळा. जपानमध्ये आत मासा किंवा खारवलेलं 'उमे' हे आंबट फळ घालतात. आपण कुरकुरीत भाजलेला सुका जवळा घातला तर? अस्सल जपानी नाही होणार, पण मासे वाळवून ठेवणाऱ्या दोन किनाऱ्यांना ही चव परकी वाटणार नाही. नोरी मिळाली नाही तर सोडून द्या.

भाषा शिकायची असेल तर

फेस्टिव्हल संपतो, आवड राहते. जपान फाउंडेशनच्या 'मिनातो' या संकेतस्थळावर मोफत कोर्सेस आहेत. एनएचके वर्ल्डचे जपानीचे धडे हिंदीतूनही आहेत, इंग्रजीची भीती असलेल्यांनी तिथून सुरुवात करावी.

नोकरीसाठी प्रमाणपत्र हवं असेल, तर जेएलपीटी ही परीक्षा असते. एन-५ सगळ्यात सोपी, एन-१ सगळ्यात अवघड. भारतात ती जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. अभ्यास घरी होतो, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊनच द्यावी लागते, आणि आपल्यासाठी जवळची केंद्रं मुंबई-पुण्यातच. पहिल्यांदा देणार असाल तर डिसेंबरची निवडा. तेव्हा लाँच सुरू असतात.