शिक्कामोर्तबापासून डिजिटल सहीपर्यंत

‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण सहज वापरतो. पण त्यात दोन निरनिराळ्या ठशांची नावे आहेत, हे सहसा ध्यानात येत नाही. शिवकालीन पत्रांत मुद्रा माथ्यावर उमटे आणि मोर्तब मजकुराच्या शेवटी. मुद्रा सांगे, पत्र कोणाचे. मोर्तब सांगे, मजकूर येथे संपला, पुढे कोणी काही वाढवू नये. कागद कोणाचा, आणि तो बदललेला तर नाही ना? सहीचा सारा इतिहास या दोन प्रश्नांभोवती फिरतो.

ठशात एक उणीव मात्र होती. पेणच्या कारखान्यात एका साच्यातून एकसारख्या कितीही गणेशमूर्ती निघतात. शिक्क्याचेही तसेच. प्रत्येक कागदावर तोच ठसा. मजकुराशी त्याचे नाते नाही. साचा चोरीला गेला किंवा त्याची नक्कल झाली की खोटा कागदही खरा भासतो.

मजकुरागणिक बदलणारी सही कशी करावी? १९७६ साली डिफी व हेलमन यांनी दोन किल्ल्यांची कल्पना मांडली : सही करण्याची किल्ली गुप्त, तपासण्याची सर्वांना खुली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी त्यासाठी प्रत्यक्ष रीत शोधली. ती वर्गात करून पाहता येईल. ३ आणि ११ या मूळ संख्यांचा गुणाकार ३३. खुली किल्ली ३, गुप्त किल्ली ७. मजकुरावरून ठरावीक गणिती कृतीने एक छोटी संख्या काढतात. तिला गोषवारा म्हणू. समजा, तो ४ आला. ४ चा सातवा घात १६३८४; त्याला ३३ ने भागल्यास बाकी १६. हीच सही. तपासणारा १६ चा घन करतो, ४०९६. ३३ ने भागल्यास बाकी ४. गोषवारा जुळला! मजकुरात एक अक्षर बदलले तरी गोषवारा बदलतो आणि सही जुळत नाही.

खुली किल्ली लहान असल्याने तपासणी झटपट होते. सही करायला वेळ अधिक लागतो. एकदा सही होऊन अनेकदा तपासल्या जाणाऱ्या कागदाला हे सोयीचेच.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याने १७ ऑक्टोबर २००० पासून अशा सहीला मान्यता मिळाली. महाराष्ट्रात १ मे २०१८ रोजी डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. पेण तालुक्यातल्या भातशेतकऱ्यालाही उताऱ्यावर तलाठ्याची सही घेण्यासाठी सजावर खेटे घालण्याची गरज उरली नाही.

पण ही सही भक्कम कितपत? ३३ चे अवयव ज्याला पाडता येतात, त्याला गुप्त किल्ली सापडते. म्हणून संख्या प्रचंड घेतात. तरी १९९९ साली १५५ अंकी आणि २००९ साली २३२ अंकी संख्येचे अवयव पाडले गेले. आज सर्रास वापरली जाणारी संख्या सुमारे ६१७ अंकी आहे. गोषवाऱ्याच्या रीतीही मोडतात : ‘शा-१’ या रीतीने एकच गोषवारा देणाऱ्या दोन वेगळ्या फाइली २०१७ साली तयार करून दाखवण्यात आल्या. शिवाय पुरेसा मोठा क्वांटम संगणक झाल्यास अवयव पाडणे सोपे होईल, हे शोर यांनी १९९४ सालीच सिद्ध केले होते.

त्याला टिकतील अशा नव्या रीतींची मानके अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाली. त्यांची किंमत आकारात मोजावी लागते. ६१७ अंकी संख्येवरील सही २५६ बाइटांची. नव्या मानकांतील एका रीतीची सर्वांत लहान सही २४२० बाइटांची, म्हणजे नऊपटींहून मोठी. लक्षावधी उतारे साठवायचे असताना हा फरक लहान नाही.

जमिनीचा कागद नातवंडांच्याही उपयोगी पडावा लागतो. गुप्त किल्ली उद्या कोणाला काढता आली, तर तो मागची तारीख घालून खोटा उतारा करू शकेल. त्यावर उपाय एकच : जुने कुलूप सैल होण्याआधीच, तारखेच्या पुराव्यासह, जपून ठेवलेल्या कागदांवर नव्या रीतीने पुन्हा सही करणे. मोर्तब एकदा उमटले की काम संपे. डिजिटल सहीची राखण मात्र पिढ्यानुपिढ्या करावी लागणार आहे.