दुर्बीण, ताप आणि एक डॉक्टर

पांढुर्ण्याहून नागपूरकडे जाणारी गाडी पुढे वर्धा, हिंगणघाट, बल्लारशा करत मद्रासेला जाते. म्हणजे आमचं गाव आणि हिंगणघाट एकाच रुळावर. भाचीच्या साखरपुड्यासाठी मी हिंगणघाटला गेले, तेव्हा भाचजावई म्हणाले, "मामी, तुम्हाला जुन्या गोष्टींचा नाद आहे ना, इथं एका इंग्रजाची कबर आहे. हिंदुस्थान मोजणारा माणूस." मला वाटलं, थट्टाच करतात. कापसाच्या पेठेच्या गावात हिंदुस्थान मोजणारा कशाला येऊन पडेल? पण खरंच होतं. कर्नल विल्यम लॅम्बटन, मृत्यू 20 जानेवारी 1823, हिंगणघाट.

घरी आल्यावर मिळेल ते वाचत गेले. वाचता वाचता मोजणी मागं पडली आणि भलताच प्रश्न मनात रुतून बसला. एवढी माणसं वर्षानुवर्षं रानावनात हिंडत होती, तर ती आजारी पडली की त्यांचं कोण करत होतं? आपल्या घरी एकाला ताप आला तर सगळं घर फिरतं. पेज कोण करील, पट्ट्या कोण ठेवील, रात्री उशाशी कोण बसेल? तिथं कोण बसत होतं?

आधी थोडं मोजणीबद्दल. 1802 साली मद्रासजवळ लॅम्बटनने जमिनीवर साडेसात मैलांची एक रेघ साखळीनं मोजली. एवढ्या कामाला 57 दिवस लागले. मग त्या रेघेच्या दोन्ही टोकांवरून लांबच्या टेकडीकडे दुर्बिणीनं पाहायचं, कोन घ्यायचा, त्रिकोण करायचा. त्या त्रिकोणावर दुसरा, त्यावर तिसरा, असं कन्याकुमारीपासून हिमालयापर्यंत चढत जायचं. कोन मोजायचं यंत्र अर्ध्या टनाचं. ते उचलायला बारा माणसं लागत. बरोबर तंबू, बैल, हत्ती, झेंडे धरणारे, निरोपे, खलाशी, पहाऱ्याचे शिपाई. बायकामुलंही असायची. लॅम्बटनच्या मुलांच्या आया इथल्याच होत्या. त्या बायांनी तळावर काय काय सोसलं, ते कुणी लिहून ठेवलेलं मला सापडलं नाही.

1818 पासून ही मोजणी थेट गव्हर्नर-जनरलच्या हाताखाली आली. तिचं मुख्य ठाणं होतं हैदराबाद. त्याच वर्षी दोन नवी माणसं नेमली गेली. एक जॉर्ज एव्हरेस्ट. पुढं जगातल्या सर्वांत उंच शिखराला नाव मिळालं ते ह्याचंच. दुसरा डॉक्टर हेन्री व्हॉयसी. ह्या डॉक्टरकडे काम दुहेरी होतं. माणसं आजारी पडली तर औषध द्यायचं आणि एरवी दगड तपासायचे. म्हणजे कंपनी सरकारनं शेकडो माणसांच्या लवाजम्याला डॉक्टर दिला, तोही अर्धा. दगडांच्या कामात मात्र तो फार मोठा निघाला. हिंदुस्थानातल्या भूशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्याचं नाव घेतात.

आता खरी अडचण ऐका. उन्हाळ्यात हवेत धूळ असते, लांबचं दिसत नाही. आपल्याकडे वैशाखात समोरची टेकडीसुद्धा धुरकट होते, हे सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या बाईला सांगायला नको. पाऊस पडून गेला की हवा धुतल्यासारखी होते आणि पन्नास मैलांवरचा डोंगर हाताशी येतो. म्हणून एव्हरेस्ट 1819 मध्ये भर पावसाळ्यात गोदावरी आणि कृष्णेच्या मधल्या जंगलात शिरला. दुर्बिणीला जो ऋतू चांगला, तोच हिवतापाचा. आमच्या आजेसासूबाई म्हणायच्या, "पावसात जंगलात गेलं का हिव घेऊनच येते माणूस." एव्हरेस्टला हे सांगायला आजेसासूबाई नव्हत्या. आणि असत्या तरी त्यानं ऐकलं नसतं, असा त्याचा स्वभाव दिसतो. निजामाकडून मिळालेल्या पहाऱ्याच्या शिपायांनी परत हैदराबादला जायचं ठरवलं, तेव्हा त्यानं त्यांच्यातल्या म्होरक्यांना फटके मारवले. ते शिपाई कंटाळले होते की पुढचं त्यांना आधीच दिसलं होतं, कोण जाणे.

पुढचं असं झालं की ताप आला. एव्हरेस्टला आणि डॉक्टरला एकाच वेळी. मग एकामागून एक करत जवळजवळ दीडशे माणसं आडवी झाली. डॉक्टर स्वतःच काथ्याच्या बाजेवर थरथरत पडलेला, मग नाडी कोण बघणार? हैदराबादहून पालख्या, गाड्या, हत्ती पाठवून ही माणसं उचलून आणावी लागली. काही वाटेतच संपली. जी पोचली, तीही थडग्यातून उकरून काढल्यासारखी दिसत होती.

ह्या तापावर त्या काळी काय औषध होतं? साहेबी वैद्यकाची समजूत अशी की दलदलीतली आणि कुजलेल्या पाल्यातली वाईट हवा अंगात शिरते आणि रक्त बिघडवते. म्हणून रक्त काढा. जळवा लावा, तुंबड्या लावा, कातडीवर फोड उठवा, पाऱ्याचं जुलाबाचं औषध द्या. अशक्त माणसाला आणखी रितं करायचं! एव्हरेस्ट पुढं 1835 साली असाच आजारी पडला, तेव्हा त्याच्या अंगाला हजारावर जळवा लावल्या होत्या आणि शिवाय तीसचाळीस तुंबड्या. तरी तो जगला, हे डॉक्टरांचं नव्हे, त्याच्या हाडांचं कौतुक. सिंकोनाची साल माहीत होती. तिच्यातून कोयनेल वेगळं काढलं ते 1820 साली, पॅरिसमध्ये. म्हणजे ती दीडशे माणसं हैदराबादला आली, त्याच्या पुढच्याच वर्षी. पण सातासमुद्रापलीकडच्या बाटलीतलं औषध गोदावरीकाठच्या झेंडेवाल्यापर्यंत कधी पोचणार?

आणि हा ताप कसा होतो, हे ज्यानं शोधलं त्या रोनाल्ड रॉसनं 1897 मध्ये डासाच्या पोटात जंतू पाहिला तो सिकंदराबादेत. म्हणजे त्या आजाऱ्यांना जिथं आणलं, त्या हैदराबादला अगदी लागून. मध्ये अठ्ठ्याहत्तर वर्षं गेली.

एव्हरेस्ट 1820 मध्ये पुन्हा त्याच जंगलात गेला, पुन्हा पडला. मग त्याला हवापालटासाठी आफ्रिकेच्या टोकाला, केपला पाठवलं. बोटीनं जायचं, वर्षभर राहायचं, बरं होऊन यायचं. साहेबाला ही सोय होती. खलाशाला नव्हती.

इकडे म्हातारा लॅम्बटन सत्तरीला टेकलेला, खोकल्यानं पोखरलेला, मुख्य ठाणं हैदराबादहून नागपूरला हलवायला निघाला. नागपूर चार मुक्कामांवर राहिलं असताना हिंगणघाटच्या तळावर त्यानं प्राण सोडला. त्याची जागा एव्हरेस्टला मिळाली आणि काम आपल्या मुलखात शिरलं. वऱ्हाडातल्या टाकळखेड्यावर एक मोठं निरीक्षण झालं. मग एलिचपूर मागं टाकून, गाविलगडचे डोंगर ओलांडून त्रिकोणांची माळ बैतूलकडून नर्मदेपलीकडे गेली. आपण मुक्तागिरीला जातो ना, पायऱ्या चढून बावन्न मंदिरांचं दर्शन घेतो, हे तेच डोंगर. तेव्हा एव्हरेस्टचे हातपाय जवळजवळ गेलेले होते. यंत्रापुढच्या बैठकीत दोन माणसं त्याला उतरवायची आणि परत वर काढायची. वरचा खिळा फिरवायला हात उचलत नसे, तर एक जण त्याचा डावा हात खालून धरून उभा राही.

मी इथं थांबले. रात्री डोंगरमाथ्यावर मशाली पेटलेल्या, आणि एक माणूस दुसऱ्याचा हात धरून उभा आहे. तास न् तास. मी विचारत होते ना, कोण करत होतं? तर हा करत होता. डॉक्टर व्हॉयसी 1824 मध्ये कलकत्त्याच्या वाटेवर तापानंच गेला. त्याचं नाव राहिलं. अर्ध्या टनाच्या यंत्राचं वजन राहिलं, जळवांची संख्यासुद्धा राहिली. ह्या हात धरणाऱ्याचं नाव मी पुष्कळ शोधलं. नाही मिळालं.

मला राग आला साहेबांचा. पण राग धरून बसता येईना, कारण आमच्या घरातली जुनी चोपडी आठवली. आजेसासऱ्यांचा व्यापार हिरडा, चारोळी, मोहाचा. हिवाळ्यात बैलगाड्या घेऊन तामियाच्या बाजूला जायचे, पार पातालकोटच्या वरच्या कड्यापर्यंत. बरोबर आजेसासूबाईंनी बांधून दिलेली पोतडी असे. सुंठ, ओवा, हिंग, किराईत आणि पोस्टातून आणलेल्या कोयनेलच्या पुड्या. आपल्यात चार दानं सांगितली आहेत, आहारदान, औषधदान, ज्ञानदान, अभयदान. आजेसासूबाई औषधदानाला फार मानायच्या. त्या पोतडीतलं औषध वाटेत कुणालाही मिळे, असं घरात अभिमानानं सांगितलं जाई. मीही सांगितलं आहे.

पण चोपडीत एका सालच्या खर्चात असं आहे: बैल एक मेला, इतके रुपये. आणि खाली, हमाल तापानं गेला, क्रियेला इतके आणे. बैलाचा रंग लिहिला आहे. हमालाचं नाव नाही. औषध सगळ्यांना पुरलं होतं का, की आधी गाडीच्या मालकाला आणि उरलं तर बाकीच्यांना, हे मी आजेसासूबाईंना कधी विचारलं नाही. त्या असताना ती चोपडी मी वाचलीच नव्हती.

त्याच गाविलगडच्या डोंगरात, मेळघाटात, बैरागड नावाचं गाव आहे. मध्य प्रदेशच्या सीमेला लागून. तिथं डॉक्टर रवींद्र कोल्हे 1985 च्या सुमारास चालत चालत गेले. नुसती पदवी जंगलात पुरत नाही हे कळल्यावर परत येऊन पुढचं शिकले आणि पुन्हा गेले. लग्नासाठी मुलगी पाहताना त्यांच्या अटी होत्या. चाळीस किलोमीटर चालता आलं पाहिजे, महिना चारशे रुपयांत भागवलं पाहिजे, पाच रुपयांत नोंदणी लग्न केलं पाहिजे. नागपुरात स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या स्मिताताईंनी त्या मान्य केल्या. पहिल्या तपासणीला दोन रुपये, पुन्हा आलात तर एक, अशी त्यांची फी. 2019 साली दोघांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण सगळ्यांनी बातमी वाचली आणि फोटो एकमेकींना पाठवले.

पण मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. त्यांचं पहिलं बाळ झालं, तेही तिथंच, आणि गंभीर आजारी पडलं. न्यूमोनिया, मेंदूज्वर, रक्तात जंतू. लोक म्हणाले, अकोल्याला न्या. नवऱ्यानं निर्णय बायकोवर सोडला. ओली बाळंतीण, कुशीत तापलेलं लेकरू. स्मिताताई म्हणाल्या, गावातल्या मुलांवर जे उपचार होतात तेच ह्याच्यावर होतील, इथंच. बाळ वाचलं. त्यानंतर गावानं त्यांना आपलं मानलं, असं सांगतात.

मी त्या जागी असते तर गाडी काढून अकोल्याला गेले असते. अकोल्यालाच काय, नागपूरला, मुंबईला. ह्यात मला लाज वाटत नाही, आईचं मन आहे. मात्र एव्हरेस्टच्या केपच्या बोटीवर मी जरा जास्तच बोलले, असं त्या दिवसापासून वाटतं.

परवा मुक्तागिरीला जायची तयारी करत होते. पिशवीत पट्टी, मलम, तापाच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं टाकली. आमच्या मोठ्या नणंदबाईंना गुडघ्यांनी चढवत नाही, त्यांच्यासाठी डोली करतो आम्ही. दरवर्षी तेच चौघे असतात. पैसे ठरलेले, वाद नाही. त्यातल्या एकाला मागच्या वर्षी वाटेत ठणठणीत ताप होता आणि तरी तो खांदा देत होता. मी त्याला गोळी दिली होती, तेवढं आठवतं. पिशवीची चेन लावता लावता लक्षात आलं, त्याचं नाव मी विचारलं नव्हतं.