विचार उंबऱ्याच्या आत येतो तेव्हा

१८ एप्रिल १९६६ या दिवशी मुंबईत एक मोर्चा निघाला. मोर्चा म्हणावा एवढी त्याची लांबी नव्हती. सात बायका होत्या, सातही मुसलमान. त्या विधिमंडळावर गेल्या आणि निवेदन दिले. तोंडी तलाक बंद व्हावा, एकापेक्षा जास्त लग्ने करण्यास बंदी यावी, सर्वांना समान नागरी कायदा असावा, असे त्यांचे मागणे होते. या बायकांना संघटित करणारे हमीद दलवाई तेव्हा तेहतीस वर्षांचे होते. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, ‘इंधन’ ही कादंबरी नुकतीच लिहिलेले मराठी लेखक. सात जणींत त्यांच्या पत्नी मेहरुन्निसाही होत्या.

सात बायकांना एवढे घाबरायचे काय कारण होते? कारण पुढची अकरा वर्षे, म्हणजे ३ मे १९७७ रोजी मृत्यू येईपर्यंत, या माणसाला शिव्याशाप, धमक्या आणि हल्ले यांतून सुटका मिळाली नाही.

लोक म्हणतात, त्यांनी धर्मावर बोट ठेवले म्हणून. मला हे उत्तर पुरते पटत नाही. आपल्या देशात देव न मानणाऱ्यांची परंपरा चार्वाकापासूनची आहे. देवावर, आत्म्यावर कितीही उलटसुलट बोला, पंडित वाद घालतात आणि संध्याकाळी आपापल्या घरी जातात. दगड केव्हा पडतो? विचार उंबऱ्याच्या आत येतो तेव्हा. लग्न कसे मोडायचे, वाटा कुणाला द्यायचा, दार कुणाला उघडायचे, यात तो हात घालतो तेव्हा.

मी द्वारका भागात राहतो. काळाराम मंदिर येथून फार लांब नाही. देव सर्वांभूती आहे हे नाशिकच्या कीर्तनांतून शेकडो वर्षे सांगितले गेले आणि कुणाचीही कधी हरकत नव्हती. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य समाज त्याच देवाच्या दाराशी उभा राहिला, तेव्हा दारे बंद झाली. रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली. सत्याग्रह पाच वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. विचार तोच होता, फक्त तो कीर्तनातून उठून दरवाजापाशी आला होता.

पुण्यात आगरकरांचे असेच झाले. जिवंतपणी त्यांना स्वतःची प्रेतयात्रा पाहावी लागली. विधवांचे केशवपन आणि बालविवाह, हे घरातले विषय त्यांनी ‘सुधारका’त मांडले होते. मुलीचे संमतिवय दहावरून बारा करणारा १८९१चा कायदा आला तेव्हा टिळकांचा मुख्य आक्षेप असा की, परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये. सुधारणा वाईट असे नव्हे. या हातांनी नको आणि आत्ता नको. हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाही, कारण तो दलवाईंच्या वाटेवर पुन्हा भेटतो.

दलवाईंनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले ते २२ मार्च १९७० रोजी. त्याच्या सहा महिने आधी अहमदाबादेत भीषण दंगल होऊन गेली होती. दीड महिन्यानंतर, मे महिन्यात, भिवंडी आणि जळगाव पेटले. ज्याच्या घराला बाहेरून आग लागलेली असते, त्याला आतली मोडकी तुळई दाखवणारा माणूस शत्रूचा वाटतो. तुळई खरोखर मोडकी असली तरी! दलवाईंवरच्या रागात मुल्लामौलवींचा स्वार्थ होताच, पण त्यात सामान्य मुसलमानाची भीतीही मिसळलेली होती. त्यांच्या चाहत्यांनी ही भीती फारशी मोजली नाही असे मला वाटते.

दुसरी अडचण भाषेची. दलवाई मराठीत लिहीत. उर्दू वाचणाऱ्या मोहल्ल्यापर्यंत ते पोचले ते बहुधा विरोधकांच्या तोंडून. त्यांचे पुस्तक हाती न घेता त्यांच्यावर चिडलेली माणसे मी खूप पाहिली आहेत. उलट बाजूला, त्यांच्या मुसलमानांवरील टीकेवर टाळ्या वाजवणाऱ्यांनी, हिंदूंनीही आपल्या पुनरुज्जीवनवादाशी झगडले पाहिजे हा त्यांचा आग्रह सोयीने गाळला. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला हा अनुभव आजही येतो. एखाद्या कवितेत बुरख्याचा उल्लेख आला की सभागृहात अर्ध्या खुर्च्या खूश होतात, आणि घरी परतताना चौकात कुणीतरी विचारतो, “चाचा, हे त्यांच्यासमोरच का वाचता?” प्रश्न चुकीचा नाही. मात्र कुणासमोरच न वाचणे हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

दलवाई स्वतःला धर्माच्या बाहेरचे म्हणवीत. आपल्या देहावर धार्मिक संस्कार करू नयेत असे त्यांनी लिहून ठेवले होते, आणि मुंबईत त्यांचे दहन झाले. मग अनेकांनी म्हटले, आत राहून, गोडीने बोलले असते तर लोकांनी ऐकले असते. असगर अली इंजिनिअर आतच राहिले होते. कुराणाचा आधार घेऊन स्त्रियांच्या हक्कांविषयी लिहीत राहिले. बोहरा समाजातल्या धर्मगुरूंच्या सत्तेला त्यांनी प्रश्न विचारला तेव्हा त्यांच्यावरही बहिष्कार पडला, अनेकदा हल्ले झाले. २००० साली मुंबईत त्यांच्या घराची नासधूस झाली. गोडी कुठे कमी पडली?

२२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मताने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला. त्या खटल्यात दाद मागणाऱ्या मुसलमान बायकाच होत्या. २०१९ साली कायदा होऊन असा तलाक देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली, आणि ‘या हातांनी नको’ हा १८९१चा आक्षेप नव्या पोशाखात परत आला. नवरा तुरुंगात गेला तर बायकोला पोटगी कोण देणार, हा प्रश्न मात्र रास्त होता आणि तो बायकांनीच विचारला.

१९६६च्या मोर्चातल्या मेहरुन्निसा दलवाई नवऱ्यामागे चाळीस वर्षे मंडळाचे काम पाहत राहिल्या. ‘मी भरून पावले आहे’ हे त्यांच्या आत्मकथनाचे नाव. न्यायालयाचा निकाल त्यांना ऐकायला मिळाला नाही. अडीच महिने आधी, जून २०१७मध्ये, त्या पुण्यात वारल्या होत्या.